रोग कोठवर गेला?

घरातील एखाद्या माणसाच्या मोठ्या आतड्यात कर्करोग आहे असे निदान झाले म्हणजे पहिला धक्का ओसरताच सर्वांच्या तोंडी एकच प्रश्न येतो : रोग पसरला आहे काय? रोगाचे नाव कळणे ही एक गोष्ट आणि त्याचा विस्तार कळणे ही दुसरी. शस्त्रक्रिया करावयाची की नाही, ती आधी की औषधे आधी, हे सारे या दुसऱ्या गोष्टीवरच अवलंबून असते. आज या प्रश्नाचे उत्तर दोन मार्गांनी शोधले जाते. एक मार्ग शरीराच्या आतील चित्रे काढणाऱ्या यंत्रांचा, दुसरा रक्तपरीक्षेचा. या दोन्ही परीक्षांचे कागद आता रुग्णाच्याच हाती येतात. घरातील शिकलेली मंडळी ते पुनःपुन्हा वाचतात, मागील खेपेचा आकडा आणि या खेपेचा आकडा शेजारी मांडतात, आणि दशांशचिन्हापुढील एका अंकाने साऱ्या घराची झोप उडते. या चित्रांना व आकड्यांना वजन किती द्यावे, हे त्यांचा इतिहास पाहिल्यावाचून नीटसे उमगत नाही असे आम्हांस वाटते. तो इतिहास येथे थोडक्यात सांगण्याचा आमचा विचार आहे.

प्रथम रोगाच्या वाटा पाहू. मोठ्या आतड्याच्या आतील अस्तरात हा रोग उपजतो. तेथून तो आतड्याची भिंत पोखरीत बाहेर येतो, भिंतीलगतच्या सूक्ष्म वाहिन्यांतून जवळच्या लसिकाग्रंथींत शिरतो, आणि रक्ताबरोबर दूरवर जातो. आतड्यातून निघालेले रक्त हृदयाकडे जाण्यापूर्वी यकृतातून गाळून जात असल्यामुळे दूरच्या इंद्रियांपैकी यकृतातच त्याचे बीज बहुधा प्रथम रुजते. त्याच्या खालोखाल फुप्फुसांचा क्रम लागतो. या वाटा आज शाळकरी मुलासही समजावून देता येतील. परंतु त्या मोठी किंमत देऊन कळलेल्या आहेत. लंडनचे शल्यविशारद अर्नेस्ट माइल्स यांनी १८९९ ते १९०६ या काळात गुदाशयाच्या कर्करोगाच्या ५७ रुग्णांवर त्या वेळच्या रूढ पद्धतीने, म्हणजे केवळ खालच्या बाजूने, शस्त्रक्रिया केल्या. त्यांपैकी ५४ जणांत रोग उलटला. दुसरा कोणी असता तर त्याने दैवाला दोष दिला असता. माइल्स यांनी मृतांची शरीरे तपासून रोग कोठे कोठे राहून गेला होता याचा शोध घेतला. तो खाली, बाजूंना व वर अशा तिन्ही दिशांनी पसरतो, आणि वरची वाट सर्वांत महत्त्वाची, असे त्यांना दिसून आले. या ज्ञानावर आधारलेली, पोटाकडून व खालून अशी दोन्ही बाजूंनी करावयाची मोठी शस्त्रक्रिया त्यांनी १९०८ साली प्रसिद्ध केली.

लंडनच्याच सेंट मार्क्स रुग्णालयात कथबर्ट ड्यूक्स या विकृतिशास्त्रज्ञांनी कापून काढलेल्या आतड्यांचा वर्षानुवर्षे बारकाईने अभ्यास केला आणि १९३२ साली गुदाशयाच्या कर्करोगाचे तीन वर्ग पाडले. रोग आतड्याच्या भिंतीतच असेल तर तो ‘ए’. भिंतीपलीकडे गेला असेल परंतु ग्रंथी मोकळ्या असतील तर ‘बी’. आणि ग्रंथींत शिरला असेल तर ‘सी’. इतकी साधी ही मांडणी, पण रुग्ण किती वर्षे जगेल याचा अंदाज तीवरून इतका चांगला बांधता येई की पुढील अनेक दशके जगभरच्या रुग्णालयांत ती अक्षरे चालत राहिली. आजची अधिक तपशीलवार वर्गवारी तीन प्रश्नांवर उभी आहे : भिंतीत किती खोल, ग्रंथी किती, आणि दूरवर गेला आहे काय? मात्र ड्यूक्स यांच्या पद्धतीत एक उणीव होती आणि ती अटळ होती. त्यांचे उत्तर शस्त्रक्रियेनंतर मिळत असे. सुरी चालविण्यापूर्वी काय करावे हे ते सांगू शकत नव्हते. यकृताविषयी तर शल्यविशारदाने पोट उघडल्यावर हाताने चाचपून पाहावे, एवढाच उपाय होता. ज्या गाठी यकृताच्या आत खोल दडलेल्या असत त्या बोटांनाही लागत नसत.

पोट न उघडता आत पाहण्याची आशा रंटजेन यांनी निर्माण केली होती. ८ नोव्हेंबर १८९५ रोजी जर्मनीतील व्युर्झबुर्ग येथे त्यांना क्ष-किरणांचा शोध लागला आणि १९०१ साली पदार्थविज्ञानाचे पहिले नोबेल पारितोषिक त्यांस मिळाले. हाडांच्या बाबतीत हे किरण वरदान ठरले. पण पोटातील मऊ इंद्रिये या किरणांना जवळजवळ सारखीच भासतात. आतड्यात बेरियमचा पातळ लगदा भरला तर त्याच्या पोकळीची आकृती उमटते. यकृतातील गाठ मात्र यकृताच्याच छायेत मिसळून जाते. ही अडचण सुटण्यास पाऊणशे वर्षे लागली. ग्रामोफोनच्या तबकड्यांसाठी प्रसिद्ध असलेल्या ईएमआय कंपनीत नोकरीस असणारे अभियंता गॉडफ्रे हाउन्सफील्ड यांनी क्ष-किरणांची नळी माणसाभोवती फिरवून अनेक दिशांनी मोजमापे घेण्याची, आणि त्यांवरून गणकयंत्राकडून शरीराच्या आडव्या छेदाचे चित्र रचवून घेण्याची युक्ती काढली. १ ऑक्टोबर १९७१ रोजी लंडनच्या विम्बल्डन भागातील अ‍ॅटकिन्सन मोर्लीज रुग्णालयात त्या यंत्राने पहिल्या रुग्णाच्या मेंदूचे चित्र घेतले. अ‍ॅलन कॉर्मॅक यांनी या गणिताचा पाया स्वतंत्रपणे घातलेला होता. १९७९ चे वैद्यकाचे नोबेल पारितोषिक दोघांना मिळून देण्यात आले. मेंदूपासून सुरू झालेले हे सीटी स्कॅन काही वर्षांतच छाती व पोटापर्यंत आले, आणि यकृत व फुप्फुसे यांतील गाठी शस्त्रक्रियेपूर्वी दिसू लागल्या.

परंतु दिसणे म्हणजे ओळखणे नव्हे. सीटी स्कॅनमध्ये लसिकाग्रंथी दिसते. ती आजारी आहे की नाही हे बहुतांशी तिच्या आकारावरून ठरवावे लागते. लहानशा ग्रंथीतही कर्करोगाच्या पेशी असू शकतात, आणि साध्या दाहानेही ग्रंथी मोठी होते. म्हणूनच ड्यूक्स यांनी सूक्ष्मदर्शकाखाली जे पाहिले त्याची जागा अजूनही कोणत्याही यंत्राने पुरती घेतलेली नाही. अहवालात ‘संशयास्पद’ हा शब्द वारंवार येतो, तो डॉक्टरांच्या धरसोडीमुळे येतो असे अनेकांस वाटते. वस्तुतः तो यंत्राच्या मर्यादेचा प्रामाणिक उच्चार असतो.

चित्राने खरा उपकार कोठे केला याचे उत्तम उदाहरण गुदाशयाच्या बाबतीत मिळते. पॉल लॉटरबर यांनी १९७३ साली चुंबकीय क्षेत्राच्या साहाय्याने चित्र काढण्याची रीत प्रसिद्ध केली. तीच पुढे एमआरआय म्हणून सर्वतोमुखी झाली, आणि लॉटरबर व पीटर मॅन्सफील्ड यांस २००३ साली नोबेल पारितोषिक मिळाले. इकडे इंग्लंडातील बेसिंगस्टोक येथील शल्यविशारद बिल हील्ड यांनी १९८२ साली असे प्रतिपादन केले की गुदाशयाभोवतीचे चरबीचे आवरण अखंड काढले तर रोग त्याच जागी उलटण्याचे प्रमाण पुष्कळ घटते. लीड्सचे फिलिप क्वर्क व त्यांचे सहकारी यांनी १९८६ साली दाखविले की कापलेल्या भागाच्या बाजूच्या कडेपर्यंत रोग पोचलेला असणे हेच तो उलटण्याचे मुख्य कारण होय. आता प्रश्न नेमका झाला : शस्त्रक्रियेपूर्वीच ही कड मोकळी राहील की नाही हे कळेल काय? ‘मर्क्युरी’ या नावाने युरोपातील ११ केंद्रांत ४०८ रुग्णांवर झालेल्या अभ्यासाने २००६ साली उत्तर दिले की एमआरआयवरून ते बरेचसे खात्रीने सांगता येते. कड धोक्यात दिसली तर आधी किरणोपचार व औषधे देऊन गाठ आक्रसवावयाची, आणि मोकळी दिसली तर सरळ शस्त्रक्रिया करावयाची. येथे चित्राने केवळ माहिती दिली नाही. त्या माहितीवर एक निर्णय टांगलेला होता. वाचकांनी ही गोष्ट ध्यानात ठेवावी, कारण पुढील साऱ्या कथेचे मर्म तीत आहे.

आता रक्ताकडे वळू. कर्करोग शरीरात दडून बसला तरी त्याचा काही अंश रक्तात वा मूत्रात उतरत असावा, ही कल्पना जुनी आहे. लंडनचे हेन्री बेन्स जोन्स यांनी १८४७-४८ मध्ये अस्थिमज्जेच्या एका रोगात मूत्रातून जाणाऱ्या विशिष्ट प्रथिनाचे वर्णन केले होते. आतड्याच्या कर्करोगाची अशी खूण सापडण्यास मात्र १९६५ साल उजाडले. कॅनडातील माँट्रियल येथे फिल गोल्ड व सॅम्युअल फ्रीडमन यांनी एकाच रुग्णाच्या आतड्याचा रोगी भाग व त्याच आतड्याचा निरोगी भाग घेतला, आणि सशांच्या शरीरात तयार होणाऱ्या प्रतिपिंडांच्या साहाय्याने पहिल्यात आहे पण दुसऱ्यात नाही असे द्रव्य वेगळे ओळखले. एकाच माणसाचे दोन्ही तुकडे घेण्यातच त्यांची चतुराई होती. माणसामाणसांतील भेद त्यामुळे आपोआप वगळले गेले. हेच द्रव्य गर्भातील बालकाच्या आतड्यातही पहिल्या सहा महिन्यांत आढळले. गर्भात असते आणि कर्करोगात पुन्हा प्रकट होते, म्हणून त्याचे कार्सिनो-एम्ब्रियॉनिक अँटिजेन, संक्षेपाने सीईए, असे नाव पडले.

१९६९ साली याच गटाने हे द्रव्य रक्तात मोजण्याची रीत प्रसिद्ध केली. मोठ्या आतड्याच्या कर्करोगाच्या ३६ रुग्णांपैकी ३५ जणांच्या रक्तात ते सापडले. आनंदास पारावार राहिला नाही यात नवल नाही. बोटातून रक्ताचे चार थेंब घ्यावे आणि कर्करोग आहे की नाही हे सांगावे, हे स्वप्न हातातोंडाशी आल्यासारखे वाटले. परंतु परीक्षा अनेक ठिकाणी होऊ लागली तसतसे चित्र पालटले. धूम्रपान करणाऱ्यांच्या रक्तात हे द्रव्य अधिक असते. यकृताच्या विकारांत ते वाढते. आतड्याच्या साध्या दाहातही वाढते. आणि निरोगी माणसातही ते अल्प प्रमाणात असतेच. उलटपक्षी, रोग अगदी आरंभीचा असेल, म्हणजे नेमका जेव्हा तो सापडावयास हवा तेव्हा, पुष्कळांच्या रक्तात ते वाढलेलेच नसते. काही गाठी तर ते पुरेसे सोडीतच नाहीत. १९८० साली अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थांनी भरविलेल्या तज्ज्ञांच्या परिषदेने ही परीक्षा निरोगी लोकांत रोग शोधण्यासाठी वापरू नये असा निर्वाळा दिला. ज्यास रोग आहे हे ठाऊकच आहे त्याची पुढील वाटचाल पाहणे, एवढे मर्यादित काम तिच्याकडे राहिले. शस्त्रक्रियेपूर्वी आकडा चढलेला असावा, गाठ निघाल्यावर काही आठवड्यांत तो उतरावा, आणि पुढे पुन्हा चढू लागला तर रोग कोठेतरी परतला असावा असा संशय घ्यावा, अशी ही रीत होय.

येथून या इतिहासातील सर्वांत बोधप्रद प्रकरण सुरू होते. आकडा चढला की रोग लक्षणे दाखविण्यापूर्वी कित्येक महिने त्याची चाहूल लागते. मग ताबडतोब पोट पुन्हा उघडून रोग काढून टाकला तर माणूस वाचणार नाही काय? तर्क इतका सरळ होता की अमेरिकेत ओहायो येथील शल्यविशारदांनी १९७० नंतरच्या दशकात केवळ आकड्याच्या आधारे अशा ‘दुसऱ्या दर्शनाच्या’ शस्त्रक्रिया करण्यास आरंभही केला. इंग्लंडातील काही वैद्यांनी मात्र हा तर्क कसोटीस लावावयाचे ठरविले. १९८२ ते १९९३ या काळात १४४७ रुग्ण त्यांच्या प्रयोगात दाखल झाले. सर्वांच्या रक्ताची नियमित परीक्षा होई, पण आकडे रुग्णास व त्याच्या डॉक्टरास कळविले जात नसत. आकडा चढलेल्या २१६ जणांचे यदृच्छेने दोन सारखे गट पाडण्यात आले. एका गटातील १०८ जणांच्या डॉक्टरांना आकडा कळवून शस्त्रक्रियेचा विचार करण्यास सांगण्यात आले. दुसऱ्या गटातील १०८ जणांच्या बाबतीत काहीच कळविले नाही, नेहमीच्या रीतीने लक्षणे दिसतील तेव्हा उपचार व्हावयाचे होते. माहीत असलेली गोष्ट रुग्णापासून लपविणे हे वाचकांस कठोर वाटेल. परंतु ती माहिती उपकारक आहे की नाही हेच कोणास ठाऊक नव्हते. फेब्रुवारी १९९३ अखेर पहिल्या गटातील ९१ आणि दुसऱ्या गटातील ८८ रुग्ण मरण पावलेले होते. लाभ दिसण्याची आशा उरली नाही, म्हणून प्रयोग थांबविण्यात आला.

याहूनही आश्चर्याची गोष्ट पुढे आहे. या प्रयोगाचा संपूर्ण वृत्तांत त्या वेळी प्रसिद्धच झाला नाही. टॉम ट्रेझर व त्यांच्या सहकाऱ्यांनी जुनी कागदपत्रे व आकडे पुन्हा जुळवून तो २०१४ साली प्रकाशात आणला. दरम्यानच्या वीस वर्षांत जगभर लक्षावधी रक्तपरीक्षा झाल्या असतील. परंतु आकडा लवकर कळल्याने आयुष्य वाढते काय, या प्रश्नाचे प्रयोगाने मिळालेले उत्तर कपाटात पडून होते. अपयशाची बातमी छापण्याचा उत्साह शास्त्रज्ञांतही कमीच असतो, आणि त्याची किंमत रुग्णास द्यावी लागते.

ही परीक्षा आजच्या काळासही लागू पडते काय, असा आक्षेप कोणी घेईल आणि तो वाजवी आहे. १९८२ साली यकृतावरील शस्त्रक्रिया आजच्याइतकी सुरक्षित नव्हती, आणि गाठ कोठे आहे हे दाखविणारी चित्रे आजच्याइतकी स्पष्ट नव्हती. याच २०१४ साली इंग्लंडातील दुसऱ्या एका प्रयोगाचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. ३९ रुग्णालयांतील १२०२ रुग्णांचे चार गट करून कोणास केवळ सीईए, कोणास केवळ सीटी, कोणास दोन्ही, आणि कोणास अगदी मोजकी तपासणी, अशी व्यवस्था त्यात होती. उलटलेला रोग बरा करण्याच्या हेतूने शस्त्रक्रिया करता आली असे रुग्ण मोजक्या तपासणीच्या गटात शेकडा २.३ होते, केवळ सीईएच्या गटात ६.७, केवळ सीटीच्या गटात ८.०, आणि दोन्हींच्या गटात ६.६. यातून दोन गोष्टी निघतात. पाळत ठेवल्याने काहींचा रोग काढता येण्याजोग्या अवस्थेत सापडतो, हे खरे. परंतु दोन्ही परीक्षा एकत्र केल्याने तो अधिक सापडला नाही. आणि एकंदर मृत्यूंचे प्रमाण पाळतीमुळे घटल्याचेही त्या प्रयोगात दिसले नाही. २०१५ साली अनेक अभ्यासांची एकत्र छाननी झाली. तीनुसार सीईएची मर्यादा ५ धरली तर रोग उलटलेल्या १०० जणांपैकी सुमारे ७१ जण या परीक्षेने पकडले जातात, आणि रोग न उलटलेल्या १०० जणांपैकी सुमारे १२ जणांस उगीच धास्ती बसते. चार वर्षे दर तीन महिन्यांनी ही परीक्षा देणाऱ्या माणसास अशी धास्ती एकदा तरी बसण्याचा संभव किती, हे वाचकांनी मनाशी अजमावावे.

चित्रांच्या क्षेत्रातही हाच धडा मिळाला. कर्करोगाच्या पेशी साखरेचा वापर अधिक करतात हे ओटो वारबुर्ग यांनी १९२० नंतरच्या दशकात दाखविले होते. किरणोत्सारी खूण लावलेली साखर शरीरात सोडून ती कोठे साठते ते पाहावे, ही त्यावरून सुचलेली कल्पना १९७६ साली अमेरिकेत प्रत्यक्षात आली. त्या खुणेची शक्ती सुमारे ११० मिनिटांत निम्मी होते. म्हणून ब्रुकहेवन येथे तयार झालेले ते द्रव्य विमानाने घाईघाईने फिलाडेल्फियास न्यावे लागले. याच कारणास्तव हे द्रव्य बनविणारे यंत्र रुग्णालयाच्या जवळपास असावे लागते. मुंबईत परळ येथे तशी सोय २००२ साली झाली. पेट स्कॅनच्या चित्रात रोग दिव्यासारखा उजळतो, आणि पाहणाऱ्यास वाटते की आता लपण्यास जागा उरली नाही. पण दाह झालेला भागही साखर खातो व उजळतो. उलट, बुळबुळीत स्राव करणाऱ्या काही गाठी फारशा उजळत नाहीत. कॅनडातील ऑन्टॅरिओ प्रांतात, यकृतातील गाठी शस्त्रक्रियेने काढण्याजोग्या आहेत असे ठरलेल्या ४०४ रुग्णांवर प्रयोग झाला. पेट स्कॅनमुळे शस्त्रक्रियेचा बेत बदलला तो शेकडा ८ जणांचाच. आयुर्मर्यादेत फरक आढळला नाही.

तेव्हा ही सारी साधने निरुपयोगी आहेत, असे आमचे म्हणणे आहे काय? मुळीच नाही. प्रश्न नेमका विचारला की रक्तही नेमके उत्तर देते, याचे अलीकडील उदाहरण पाहावे. रक्तद्रवात पेशींबाहेर पडलेले जनुकद्रव्य, म्हणजे डीएनए, तरंगत असते हे फ्रान्समधील मांदेल व मेते यांनी १९४८ सालीच नोंदले होते. कर्करोगाच्या गाठीतील डीएनएचे कण त्यातून वेगळे ओळखण्याची विद्या पुढे हाती आली. ऑस्ट्रेलियात ४५५ रुग्णांवर झालेल्या आणि २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात, रोग भिंतीपलीकडे गेलेला परंतु ग्रंथी मोकळ्या असलेले, म्हणजे ड्यूक्स यांच्या ‘बी’ वर्गातील रुग्ण घेतले होते. अशांना शस्त्रक्रियेनंतर औषधे द्यावीत की नाही हा जुना वाद होता. एका गटात हा निर्णय रक्तातील कणांवरून घेतला, दुसऱ्यात नेहमीच्या रीतीने. रक्तावरून चाललेल्या गटात शेकडा १५ जणांना औषधे द्यावी लागली, दुसऱ्यात २८ जणांना. आणि दोन वर्षांनंतर रोगमुक्त राहिलेल्यांचे प्रमाण पहिल्यात ९३.५ व दुसऱ्यात ९२.४, म्हणजे जवळजवळ सारखेच निघाले. कित्येकांचा औषधांचा त्रास त्या परीक्षेने वाचविला. गुदाशयाच्या एमआरआयप्रमाणे येथेही उत्तरावर एक निर्णय अवलंबून होता, आणि तो बदलण्याची सर्वांची तयारी होती.

माइल्स यांच्या काळी रोगाची वाट मृतदेहावरून कळे, ड्यूक्स यांच्या काळी कापलेल्या आतड्यावरून, आणि आज ती जिवंत माणसास धक्का न लावता बरीचशी कळते. ही प्रगती सामान्य नव्हे. पण ‘अधिक लवकर कळणे’ आणि ‘अधिक जगणे’ यांमध्ये जे अंतर आहे ते दरवेळी प्रयोगानेच मोजावे लागले, आणि तर्काने मोजू पाहणारे पुनःपुन्हा फसले, हेही याच इतिहासाने दाखविले. ज्यांच्या घरी हे कागद येतात त्यांनी डॉक्टरांस दोन प्रश्न अवश्य विचारावे असे आम्हांस वाटते. परीक्षा होण्यापूर्वी विचारावे की तिचे उत्तर अमुक आले तर आपण काय कराल आणि तमुक आले तर काय कराल. परीक्षा झाल्यावर विचारावे की हा एक आकडा पुरेसा आहे, की त्याच प्रयोगशाळेत पुन्हा मोजून तो चढतच आहे याची खात्री करून मग चित्र घ्यावयाचे आहे. भिन्न प्रयोगशाळांच्या रीती भिन्न असल्यामुळे त्यांचे आकडे एकमेकांशी ताडून पाहणे सहसा फसवे ठरते. ज्या डॉक्टरांनी या प्रश्नांची उत्तरे शांतपणे दिली त्यांच्यावर विश्वास ठेवावा, आणि दोन परीक्षांमधील दिवस आकड्यांची चिंता करण्यात न घालविता रुग्णाच्या सहवासात घालवावे.